बंध ओळखायचं टेबल : प्रकल्प नोंदी, नाशिक

नववी-दहावीच्या प्रयोगशाळेसाठी एक टेबल करायचं आहे. बाटल्यांत नाव न लिहिलेले नमुने, शेजारी तपासणीची साधनं. मुलांनी नमुना तपासून सांगायचं की त्यातले इलेक्ट्रॉन कुठे आहेत : एका अणूकडून दुसऱ्याकडे गेलेले (आयनिक बंध), दोन अणूंमध्ये जोडीने अडकलेले (सहसंयुज बंध), की सगळ्या तुकड्यात मोकळे (धातूचा बंध). थर्मोकोलचे गोळे आणि टूथपिक मुद्दाम घेतलेले नाहीत. त्या मॉडेलमध्ये मीठ आणि साखर दोन्हीकडे बंध म्हणजे काडीच दिसते, आणि मीठ साखरेपेक्षा वेगळं का वागतं ते कधीच कळत नाही.

ज्यांना असंच टेबल करायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी. नमुने : खडे मीठ, साखर, लिंबाचं सत, मेण, तांब्याची तार, पेन्सिलचं शिसं, नदीची वाळू, मोरचूद (कॉपर सल्फेट).

४ जानेवारी : टेस्टर

९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर, लाल एलईडी आणि दोन कार्बनच्या कांड्या, सगळं एका सरीत. कांड्या एकमेकींना टेकवल्या की साधारण १५ मिलीअँपिअर जातात, तेवढं एलईडीला चालतं. सुटे भाग महात्मा गांधी रोडवर मिळाले, शंभर रुपयांच्या आत.

एलईडी साधा, धुरकट लाल आवरणाचा घ्यावा. आधी लावलेला पांढरा ‘सुपरब्राइट’ डिस्टिल्ड पाण्यातही अंधारात मंद दिसत होता. तो इतका कार्यक्षम असतो की नगण्य प्रवाहावरही उजळतो, आणि मुलं ‘पेटला’ म्हणून लिहून मोकळी होतात. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावून टेस्टर ‘सुधारायचा’ मोहही टाळावा. त्याने नुसतं बोट लावलं तरी दिवा लागतो. इथे कमी संवेदनशील टेस्टरच हवा.

तांब्याच्या तारांचे इलेक्ट्रोड मिठाच्या पाण्यात धन बाजूला झिजतात, हिरवट-पिवळट गाळ सुटतो आणि पुढच्या नमुन्यात जातो. कार्बनच्या कांड्या टॉर्चच्या जाड, जुन्या पद्धतीच्या झिंक-कार्बन सेलमधून काढल्या. अल्कलाइन सेलमध्ये कांडी नसते आणि तो फोडूही नये. काळी पूड हाताला चिकटते, म्हणून कागदावर फोडायचं. कांडीला मेणाचा हात असतो, तो सँडपेपरने काढला नाही तर संपर्क अधूनमधून तुटतो.

दोन कांड्यांतलं अंतर १० मिमी, पीव्हीसीच्या तुकड्याला भोकं पाडून पक्कं केलं. बुडवायची खोली २० मिमी, तिथे रंगाची रेघ. ही दोन मापं पक्की नसतील तर एकाच पाण्यात दिवा कधी जास्त, कधी कमी पेटतो आणि तुलनाच होत नाही.

नळाच्या पाण्यात मिणमिणता, बोअरच्या पाण्यात त्याहून ठळक, डिस्टिल्डमध्ये बंद. म्हणून सगळी द्रावणं डिस्टिल्ड पाण्यातच करायची, नाहीतर साखरेचं पाणीही वीज वाहतं असा निष्कर्ष निघतो. मिठाच्या पाण्यात कांड्या पाच सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नयेत. क्लोरीनचा वास येऊ लागतो.

११ जानेवारी : पहिली फेरी

कोरडे नमुने : तांब्याच्या तारेत दिवा पूर्ण, पेन्सिलच्या शिशात पूर्ण, बाकी सगळे बंद. पाण्यात : मीठ आणि मोरचूद पूर्ण, साखर बंद, मेण आणि वाळू विरघळतच नाहीत. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे.

अडचण लिंबाच्या सताची. कोरडं असताना बंद, पाण्यात दिवा चांगला पेटतो, म्हणजे हुबेहूब मिठासारखं. पण लिंबाचं सत म्हणजे सायट्रिक आम्ल, आणि ते सहसंयुज बंधांचं आहे. त्याचे रेणू पाण्यात गेल्यावर प्रोटॉन सोडतात आणि आयन (विद्युतभार असलेले कण) तिथे तयार होतात. मिठात आयन स्फटिकात आधीपासूनच असतात, पाणी त्यांना फक्त मोकळं करतं. टेस्टरला हा फरक कळत नाही, त्याला फक्त हलणारे आयन दिसतात.

तेव्हा ‘पाण्यात वीज वाहते म्हणजे आयनिक’ हा नियम टेबलावर मुलांसाठी ठेवायच्या कार्डावरून काढला. शाळेच्या वह्यांत तो सर्रास असतो. खरा निकाल पाण्याशिवायच लागतो, म्हणजे पदार्थ वितळवून बघायचा. लिंबाचं सत १५३ अंशांना वितळतं. वितळलेल्यात दिवा बंदच राहिला. पाकिटावर ‘मोनोहायड्रेट’ लिहिलेलं असेल तर त्यातलं पाणी आधी सुटतं आणि एलईडी मिणमिणू शकतो. निर्जल सत घ्यावं. १७५ अंशांच्या पुढे ते विघटन पावतं, म्हणून वितळताच आच काढायची.

साखरही वितळवून पाहिली. तपकिरी होते, फेसाळते, दिवा बंद. कांड्यांना चिकटलेला पाक गरम पाण्यात तासभर ठेवल्याशिवाय निघत नाही. मेण ६० अंशांच्या आसपास वितळतं, दिवा बंद.

१२ जानेवारी : पेन्सिल

हा नमुना मुलांना हमखास फसवतो, म्हणूनच ठेवला आहे. पेन्सिलच्या शिशात ग्राफाइट असतं. त्याच्या थरांतले सगळे बंध सहसंयुज, तरी वीज वाहते. प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांशी बांधलेला असतो आणि चौथा इलेक्ट्रॉन थरभर पसरलेला असतो. हिऱ्यात चारही इलेक्ट्रॉन बांधलेले, म्हणून हिरा वीज वाहत नाही. ग्राफाइटच्या थरात दोन कार्बनमधलं अंतर १४२ पिकोमीटर, दोन थरांतलं ३३५. थर एकमेकांना सैल धरून असतात म्हणून पेन्सिल कागदावर उतरते.

पेन्सिल एचबी नको, तिच्यात चिकणमाती जास्त असते. ६बी घ्यावी. दोन्ही टोकं तासून टेस्टर लावला की दिवा पूर्ण. कागदावर एक सेंटिमीटर रुंद पट्टा गच्च रंगवला तर दोन-तीन सेंटिमीटर अंतरापर्यंत दिवा दिसण्याइतका पेटतो. गुळगुळीत आर्ट पेपर चालत नाही, त्यावर शिसं बसतच नाही. ड्रॉइंगचा खरबरीत कागद चांगला.

तांबं आणि पेन्सिल यांचा निवाडा हातोडीने होतो : तार चपटी होते, शिशाचा चुरा होतो.

१८ जानेवारी : मीठ वितळवणं

मीठ ८०१ अंशांना वितळतं. स्पिरिटचा दिवा आणि घरगुती गॅस, दोन्हींवर मूस तापते पण मीठ ढिम्म. खडे मीठ शिवाय तडतडून बाहेर उडतं, कारण खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होते. आधी बारीक करून तव्यावर तडतड थांबेपर्यंत भाजून घ्यावं.

सराफ बाजारात सोनारांकडे असते तशी एलपीजी टॉर्च आणली, आणि मूसही तिथलीच घेतली, ग्राफाइटची. मीठ घातलं, दिवा लगेच पेटला. मीठ वितळलेलं नव्हतं. इलेक्ट्रोड मुशीच्या तळाला टेकले होते आणि वीज मुशीतूनच जात होती. ग्राफाइटची मूस या कामाला अजिबात नको. चिनी मातीची घेतली तर ती टॉर्चच्या थेट ज्योतीने तडकली.

पोटॅशियम नायट्रेट ३३४ अंशांना वितळतं आणि काही ठिकाणी हा प्रयोग त्यावर करतात. शाळेत ते नको. वितळलेलं नायट्रेट कार्बनच्या कांडीला पेटवू शकतं. जुन्या पुस्तकांतलं लेड ब्रोमाइड तर नकोच, ते विषारी आहे.

२५ जानेवारी : मिश्रण

तोडगा उद्योगातलाच आहे. सोडियम धातू काढायच्या डाऊन्स सेलमध्ये मिठात कॅल्शियम क्लोराईड मिसळतात, म्हणजे ते ६०० अंशांच्या आसपास वितळलेलं राहतं. दोन्ही पदार्थ आयनिकच, त्यामुळे प्रयोगाचा मुद्दा बदलत नाही.

८ ग्रॅम भाजलेलं मीठ आणि १२ ग्रॅम निर्जल कॅल्शियम क्लोराईड, खलात एकत्र. कॅल्शियम क्लोराईड उघडं राहिलं की हवेतलं पाणी ओढतं, आणि ओलं घातलं तर उकळून अंगावर उडतं. म्हणून वाळूच्या तव्यावर आधी चांगलं तापवून घेतलं. चिनी मातीची मूस मातीच्या त्रिकोणात बसवून पाच-सात मिनिटं लांबून ज्योत फिरवली, मग जवळ आणली. या वेळी तडा गेला नाही.

इलेक्ट्रोड : टिग वेल्डिंगची स्टेनलेस स्टीलची १.६ मिमी सळई, सातपूरला वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळते. खिळे बऱ्याचदा जस्ताचा मुलामा दिलेले असतात, त्यांचा धूर वाईट. सळईचे तुकडे ३० सेंमीचे घ्यावेत. २० सेंमीवर लावलेली मगर-क्लिपची वायर सुरक्षित राहिली, दहावर लावलेलीचं प्लॅस्टिक गळालं.

इलेक्ट्रोड सुरुवातीपासून कोरड्या पुडीतच रोवून ठेवले. पूड तापून लालसर व्हायला लागली तरी दिवा बंद. कडेने ओलसर चमक आली तसा दिवा मंद लागला, आणि सगळं पाण्यासारखं पातळ झाल्यावर पूर्ण. मग ज्योत काढली. पृष्ठभागावर पांढरी साय धरली, दिवा हळूहळू उतरला आणि गोळा घट्ट होताच विझला. टेबलावरचा सर्वात बोलका प्रयोग हाच. विझतानाचा भाग मुलांना आवर्जून दाखवावा, कारण तोवर सगळे मुशीकडे बघत असतात आणि काय घडतंय ते डोळ्यासमोर असतं. घन मिठात इलेक्ट्रॉन आयनांपाशी बांधलेले आणि आयन जागेला खिळलेले, हलायला कोणीच नाही. वितळल्यावर आयन सुटतात. इलेक्ट्रॉन तेव्हाही मोकळे नसतात.

मिश्रण पातळ असतानाच इलेक्ट्रोड बाहेर काढा, गोठलं असेल तर पुन्हा वितळवून. गोठल्यावर ओढले तर मूस फुटते. प्रयोग फक्त शिक्षकाने, व्हरांड्यात, गॉगल घालून. आसपास पाण्याचा थेंबही नको, चिमटासुद्धा कोरडा. उरलेला गोळा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा. उघडा ठेवला तर दुसऱ्या दिवशी बशीत चिखल मिळतो.

१ फेब्रुवारी : चुंबकांचा पट

मिठाचा खडा ठोकल्यावर का फुटतो ते हाताने कळावं म्हणून हा पट. निओडिमियमच्या १० × ३ मिमी चकत्या, ३६ हव्यात, चाळीस घेतल्या (साधारण साडेपाचशे रुपये, ऑनलाइन). अर्ध्यांचं उत्तर टोक वर, अर्ध्यांचं खाली. शेजारीशेजारी ठेवलेल्या उलट्या चकत्या एकमेकींना ओढतात, सुलट्या ढकलतात. बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी केली की अख्खा पट स्वतःला धरून राहतो.

टोक ओळखायला होकायंत्र लागत नाही. चकत्या एका गठ्ठ्यात येतात आणि गठ्ठ्यात सगळ्यांची दिशा एकच असते. वरून एक-एक काढताना वरच्या बाजूला लाल ठिपका द्यायचा.

चकत्या पाण्याच्या बाटलीच्या बुचांत बसवल्यावर पट जमलाच नाही. बूच ३० मिमी, म्हणजे चकत्यांची केंद्रं तेवढी लांब. ही ओढ अंतराच्या चौथ्या घाताने घटते, ३० मिमीवर ती बुचाच्या घर्षणाइतकीच उरते. मग अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपचे ६ मिमीचे काप केले. बाहेरचा व्यास १५.९ मिमी, आतली पोकळी एम-सीलने भरून चकती मध्यभागी. अंतर निम्मं झालं आणि ओढ बारा-तेरा पट वाढली. हॅक्सॉने काप तिरके होतात, पाइप कापायची कात्री घ्यावी. एम-सील सुकेपर्यंत काप एकमेकांपासून हातभर लांब ठेवावेत. नाहीतर चकत्या उडी मारून एकत्र येतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

पट प्लायवूडवर, वर ॲक्रिलिकचं झाकण ८ मिमी उंचीवर. झाकण नसेल तर एखादा काप उलटतो आणि शेजाऱ्यावर जाऊन बसतो. स्टीलच्या ट्रेमध्ये हे जमत नाही, चकत्या ट्रेलाच चिकटतात.

खालच्या तीन ओळी प्लॅस्टिकच्या पट्टीने झटकन एका घराने सरकवल्या की लालसमोर लाल येतो आणि पट मधून दुभंगतो. पहिल्या चौकटीत हे होत नव्हतं. चौकट घट्ट असल्यामुळे ओळींना बाजूला जायला जागाच नव्हती, त्या परत जागेवर यायच्या. एका बाजूला ४० मिमी मोकळी जागा सोडली आणि काम झालं. हळू सरकवलं तरी ओळी परत येतात.

मर्यादा कार्डावर लिहिली आहे : चुंबकाला दोन टोकं असतात, आयनाला एकच भार. आणि इथे दोन्ही काप सारख्या मापाचे आहेत. खऱ्या मापासाठी चुंबक नसलेला वेगळा थर केला, सोडियमला अर्धा इंची पाइप आणि क्लोरीनला एक इंची. व्यास १५.९ आणि २८.६ मिमी, गुणोत्तर ०.५६. मिठातल्या आयनांच्या त्रिज्या १०२ आणि १८१ पिकोमीटर, तेही ०.५६. नळाच्या दुकानात हे इतकं जुळून येईल असं वाटलं नव्हतं.

२ फेब्रुवारी : सैंधवाचा खडा

पटाशेजारी खरा पुरावा. सैंधवाचा पारदर्शक, निदान एक बाजू सपाट असलेला खडा निवडावा. त्या सपाट बाजूला समांतर ब्लेड टेकवून मागून लहान हातोडीने एक टिचकी. खडा काचेसारखा गुळगुळीत फुटतो, कडा काटकोनात. तेच ब्लेड तिरकं धरलं की भुगा. दळलेलं मीठ भिंगाखाली धरलं तरी चौकोनी कण दिसतात. गुलाबी सैंधवात भेगा फार, त्यातला फिकट खडा बरा.

लॉरेन्स ब्रॅगने १९१३ साली क्ष-किरणांनी मिठाची रचना उलगडली तेव्हा त्यात मिठाचा सुटा ‘रेणू’ सापडलाच नाही. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. पटावर मुलांना विचारायचा प्रश्न हाच : यातली जोडी कुणाची कुणाशी?

८ फेब्रुवारी : धातू

धातूसाठी बुडबुड्यांचा थर. हीही ब्रॅगचीच युक्ती, जॉन नाय यांच्याबरोबर १९४७ साली प्रसिद्ध केलेली. एकसारखे बारीक बुडबुडे पाण्यावर सोडले की ते धातूतल्या अणूंसारखे षटकोनी रांगांत बसतात.

एक लिटर आरओचं पाणी, २५ मिली भांडी घासायचं लिक्विड, ४० मिली ग्लिसरीन. बोअरच्या जड पाण्यात बुडबुडे मिनिटभरही टिकत नाहीत. हवा मत्स्यालयाच्या पंपाची, नळी सलाइन सेटची, टोकाला २२ गेजची सुई. सुईचं टोक घासून बोथट करून घ्या.

पंप थेट जोडला तर हवा धक्क्याधक्क्याने येते आणि बुडबुडे लहानमोठे होतात, रांगा बसत नाहीत. पंप आणि सुई यांच्यामध्ये दोन लिटरची रिकामी बाटली घातली, धक्के तिने गिळले. प्रवाह सलाइन सेटच्या चाकाने अगदी कमी ठेवायचा. सुईची पाण्याखालची खोली बदलली की बुडबुड्याचं माप बदलतं, म्हणून सुई स्टँडला बांधली. ताट काळं हवं. स्टीलच्या ताटात चकाकीमुळे काहीच दिसत नाही, रोपवाटिकेचा काळा ट्रे चालला.

थर भरला की काचेच्या दोन पट्ट्यांनी बाजूने दाबा. एक रांग सुळकन सरकते, थर तुटत नाही. सरकल्यावरही प्रत्येक बुडबुड्याभोवती तसेच सहा शेजारी. चुंबकांच्या पटावर एका घराने सरकताच दुभंग, इथे कितीही सरकवा. धातूत सगळे आयन धन आणि इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामाईक, त्यामुळे सरकल्याने समोर ‘चुकीचा’ शेजारी येत नाही. दोन्ही साधनं जवळजवळ ठेवावीत. वेगवेगळ्या टेबलांवर ठेवली तर तुलना होत नाही.

खऱ्या तांब्यासाठी तांबट आळीतून पत्र्याची कात्रणं भंगाराच्या भावाने घेतली, एक मिमी जाडीची. २ × १० सेंमीची पट्टी ऐरणीवर ठोकत गेलं की सुरुवातीला सहज पसरते, मग ठोक्याचा आवाज टणक होतो आणि पट्टी वाकवायला जड जाते. ठोक्यांनी रांगांतले दोष वाढत जाऊन एकमेकांना अडकतात. पट्टी गॅसवर मंद लाल केली की पुन्हा नरम. तांबं तापवून पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही, लोखंडाची सवय असलेल्यांना हे खोटं वाटतं. काळा पडलेला थर चिंचेच्या कोळाने निघतो. भांडी मठारणारे हा फेरा दर थोड्या ठोक्यांनी करतात. ठोकत राहिलं आणि तापवलं नाही तर कडेला चीर पडते. चिरलेली एक पट्टी नमुना म्हणून ठेवली आहे.

१५ फेब्रुवारी : मोरचूद

द्राक्षपट्ट्यात मोरचूद सहज मिळतं, बोर्डो मिश्रण या बुरशीनाशक फवाऱ्यासाठी ते लागतंच. पिंपळगाव बसवंतच्या कृषी सेवा केंद्रातून एक किलो आणलं. शेतीचं मोरचूद थोडं हिरवट होतं, त्यात लोहाचा अंश असतो. ६० ग्रॅम १०० मिली गरम पाण्यात विरघळवून, गाळून, रात्रभर झाकून ठेवलं. नाशिकची रात्र अजून गार असल्याने सकाळी तळाला चांगले निळे स्फटिक मिळाले. उन्हाळ्यात फ्रिज लागेल.

एकाच स्फटिकात चार प्रकारचे बंध दाखवता येतात म्हणून हा नमुना. तांबं आणि सल्फेट यांच्यात आयनिक. सल्फेटच्या आत गंधक-ऑक्सिजन सहसंयुज. तांब्याला चार पाण्याचे रेणू कोऑर्डिनेट बंधाने जोडलेले, त्या जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनचे. पाचवं पाणी तांब्याला थेट जोडलेलं नसतं, हायड्रोजन बंधांनी (एका रेणूच्या हायड्रोजनची शेजारच्या ऑक्सिजनकडे असलेली ओढ) धरलेलं असतं.

१० ग्रॅम पूड चिनी मातीच्या बशीत तापवायची. सगळं पाणी गेलं तर ६.३९ ग्रॅम उरायला हवं. थेट ज्योतीवर कडा राखाडी-काळ्या झाल्या आणि घशाला लागणारा धूर आला, म्हणजे सल्फेटच फुटायला लागलं होतं. तव्यात दोन बोटं वाळू, त्यावर बशी, आच मंद, आणि हे थांबलं. पुढच्या वेळी घट ३.९ ग्रॅम आली, हिशेबापेक्षा जास्त. स्फटिक नुसते गाळलेले होते, वाळवलेले नव्हते. वर्तमानपत्राच्या घड्यांत रात्रभर ठेवल्यावर घट ३.६ वर आली. वजनाला ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा पुरतो.

पाणी टप्प्याटप्प्याने जातं : दोन, मग दोन, मग एक. वजन मधेमधे घेतलं तर ८.५६ आणि ७.११ जवळ ते रेंगाळतं, पण त्यासाठी आच फार जपून वाढवावी लागते. शेवटी जातं ते ‘पाचवंच’ पाणी, असं कार्डावर लिहिलेलं नाही. पाणी निघताना स्फटिकाची रचनाच बदलते, तेव्हा आधी कुठलं पाणी कुठे होतं हा हिशेब पुढे लावता येत नाही.

पांढऱ्या पुडीवर ड्रॉपरने एक थेंब : चर्र आवाज, निळा डाग, बशी हाताला गरम. नव्याने बंध जुळताना सुटलेली ऊर्जा ती. द्रावणात अमोनिया थेंब-थेंब घातला की आधी फिकट निळा साका, मग तो विरघळून गडद जांभळट निळं. पाण्याची जागा अमोनियाने घेतली. अमोनिया एकदम ओतला तर मधला साका दिसतच नाही.

१६ फेब्रुवारी : पाणी

घासलेल्या कंगव्याने नळाची बारीक धार वाकवायचा प्रयोग केला, कोरड्या हवेत छान वाकते. तरी टेबलावरून काढला. धारेत भार ओढला गेल्यानेही ती वाकते, त्यामुळे ‘रेणू ध्रुवीय (एक टोक किंचित धन, दुसरं ऋण) आहे म्हणून’ एवढंच उत्तर पुरं पडत नाही. आणि पावसाळ्यात कंगवा चालणारही नाही.

त्याऐवजी दोन ग्लास. पाण्यात बर्फाचा तुकडा तरंगतो, वितळलेल्या मेणात मेणाचा तुकडा बुडतो. बहुतेक पदार्थ मेणासारखेच. बर्फात हायड्रोजन बंध रेणूंना ठरावीक अंतरावर धरतात, जागा रिकामी राहते. मेणाचा तुकडा कोमट असला तर चटकन वितळतो आणि काही कळत नाही, फ्रिजमधला घ्या.

२२ फेब्रुवारी : कार्डं

मुलांवर चाचणी घेतली. पेन्सिलला ‘धातू’ अपेक्षेप्रमाणे निम्म्यांनी म्हटलं, हातोडीनंतर बदललं. वाळूपाशी गाडी अडली : वितळत नाही, विरघळत नाही, वीज नाही, म्हणून ‘आयनिक’. वाळूत सिलिकॉन-ऑक्सिजनचं सहसंयुज जाळं तुकडाभर पसरलेलं असतं. टेबलावर ती वितळवता येणार नाही, तेव्हा काचेवर ओरखडा काढायची तपासणी जोडली. वाळूने काच चरते, मिठाने नाही.

उत्तरपत्रिकेत ‘बंधाचा प्रकार’ या रकान्याआधी ‘कोण हलतंय : इलेक्ट्रॉन, आयन की कोणीच नाही’ हा रकाना टाकला. लिंबाच्या सताचा गोंधळ त्याने बराच कमी झाला.

मिठाच्या कार्डावरचं ‘सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो’ हे वाक्य खोडलं. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात, क्लोरीन तो घेताना ३४९ सुटतात. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ चा तोटा. मीठ टिकतं ते विरुद्ध भारांचे आयन जवळ येऊन जाळं बनवताना सुटणाऱ्या ७८७ किलोज्यूलवर. कार्डावर हे चार आकडे आणि चुंबकांच्या पटाकडे बाण, एवढंच ठेवलं.

विद्युतऋणतेतल्या (अणूच्या इलेक्ट्रॉन ओढण्याच्या ताकदीतल्या) फरकाची पट्टी शेवटी लावली : कार्बन-हायड्रोजन ०.३५, ऑक्सिजन-हायड्रोजन १.२४, सोडियम-क्लोरीन २.२३. पट्टीवर रेघा मारून खण पाडायची सूचना आली होती, पाडले नाहीत. मधल्या जागेतच बरेच पदार्थ बसतात.

२३ फेब्रुवारी : खर्च आणि विल्हेवाट

टॉर्च उसनी मिळाली म्हणून खर्च अडीच हजारांच्या आत बसला. त्यात चुंबक, पंप, काटा आणि ॲक्रिलिक हेच मोठे. टॉर्च विकत घ्यायची तर हजार-बाराशे धरा. सर्वात जास्त वेळ मीठ वितळवण्यात आणि पाइपचे काप करण्यात जातो. बाकी गोष्टी शाळेच्या तासांत होतात.

मोरचुदाचं पाणी बेसिनमध्ये किंवा नाल्यात ओतू नये, माशांना ते घातक आहे. सगळं एका बादलीत जमवून चुन्याची निवळी घालायची, फिकट निळा गाळ खाली बसला की वरचं पाणी नितळ दिसतं. अमोनिया घातलेलं द्रावण आधी वास जाईपर्यंत उघड्यावर ठेवावं, नाहीतर तांबं चुन्याला दाद देत नाही आणि पाणी निळंच राहतं. गाळ वाळवून डब्यात, डब्यावर नाव आणि तारीख. न वापरलेलं शेतीचं मोरचूद बागाईतदाराकडे परत दिलं तर वायाही जात नाही.

चुंबकांचा पट मोबाइल आणि वजनकाट्यापासून लांबच्या कपाटात ठेवावा. टेस्टरची बॅटरी काढून ठेवावी. कांड्या एकमेकींना टेकून राहिल्या तर ती उतरत जाते.